चूक माझी, सही माझी

आमच्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत खोडरबर नाही. पांढरी शाईसुद्धा नाही. वहीत चुकीचं काही लिहिलं गेलं तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, तीही खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी खरा आकडा लिहायचा, का चुकलं ते लिहायचं, आणि तारीख घालून सही करायची. मी कामाला लागले त्या दिवशी आमच्या प्रमुख मॅडमनी एवढंच सांगितलं, आणि वर म्हणाल्या की पान फाडलेलं दिसलं तर घरी पाठवीन, रेघ दिसली तर चहा पाजीन. एकोणीस वर्षांत मी बेचाळीस वेळा त्यांच्या हातचा चहा प्यायलेय. चहा त्यांना अजिबात जमत नाही, ती गोष्ट वेगळी.

काम नदीच्या पाण्याचं. दर बुधवारी आणि शनिवारी सकाळी मी पाच ठिकाणी जाऊन बाटल्या भरून आणायचे. त्यातलं मोजून पाणी जंतूंचं खाद्य घातलेल्या प्लेटवर पसरायचं, प्लेट दिवसभर उबेत ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर उगवलेले ठिपके मोजायचे. एक ठिपका म्हणजे पाण्यात एक जंतू होता असं धरायचं. ठिपके ठरलेल्या आकड्याच्या वर गेले की नगरपालिका पोहण्याच्या पायऱ्यांवर साखळी लावायची. शेवटची दोन वर्षं ती साखळी निघालीच नव्हती, कारण वरच्या अंगाला नव्या वसाहती झाल्या आणि त्यांचं सगळं सांडपाणी नदीत येतं. लोक वैतागले होते. मलाही उन्हाळ्यात बाटल्या घेऊन जाताना दोनचार टोमणे रोज ऐकावे लागायचे. एक म्हातारा तर मला बघितलं की म्हणायचा, आल्या बघा नदीच्या सासूबाई.

माझा धाकटा भाऊ याच विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवतो. मी तळघरातल्या प्रयोगशाळेत, तो चौथ्या मजल्यावर. जग त्याला सर म्हणतं, मी धाकटा म्हणते. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आई कामाला जायची, त्यामुळे त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून अभ्यासाला बसवण्यापर्यंत सगळं मीच केलं. बोलण्यात मात्र तो तेव्हापासून कुणाच्या बापाला ऐकायचा नाही. एकदा त्यानं फडताळातली बरणी फोडली, आणि आई आल्यावर बरणी तिथं ठेवणंच कसं चुकीचं होतं ते असं समजावून सांगितलं की मार मला बसला. आम्ही ती गोष्ट पुढे वर्षानुवर्षं हसत हसत सांगायचो. मी तर सगळ्यात जास्त सांगायचे, कौतुकानं.

आमच्याकडे दरवर्षी विद्यापीठाचा विज्ञान आठवडा भरतो. सात दिवस गावभर भाषणं. वाचनालयात ताऱ्यांवर, बस डेपोत बॅटरीवर, न्हाव्याच्या दुकानात केस का गळतात यावर, आणि तेही एका टकल्या प्राध्यापकाचं. लोक मुलंबाळं घेऊन येतात, प्रश्न विचारून वक्त्याला भंडावून सोडतात. शेवटच्या शनिवारी दुपारी नगरभवनात वादसभा असते, आणि तिला उभं राहायलाही जागा मिळत नाही.

त्या सभेचा एक जुना नियम आहे. बाजू आधी ठरत नाही. दोघं वक्ते दोन्ही बाजूंची तयारी करून येतात आणि मंचावर सगळ्यांसमोर चिठ्ठी उचलतात. पिवळी आली तर ‘हो’ म्हणून बोलायचं, निळी आली तर ‘नाही’ म्हणून. प्रेक्षकांच्या हातातही पिवळी-निळी कार्डं असतात. सुरुवातीला एकदा वर करायची, शेवटी एकदा. ज्यानं जास्त लोकांना आपल्याकडे ओढलं तो जिंकला. आजवर विषय असायचे ते गमतीचे, म्हणजे परग्रहावर माणसं पाठवावीत का, यंत्रानं कविता करावी का, असले. जिंकलं काय नि हरलं काय, संध्याकाळी सगळे एकत्र चहा प्यायचे.

या वर्षी मात्र नगरपालिकेनं आमची नदी त्या मंचावर आणून ठेवली. नदीवरची पोहण्याची जागा पुन्हा उघडावी का, हो किंवा नाही. नगराध्यक्षांनी जाहीर करून टाकलं की सभागृहाचा कौल बघून पुढच्या बैठकीत निर्णय घेऊ. कौल ‘हो’ आला तर जागा उघडणार, आणि आमची बाटल्या-प्लेटांची तपासणी बंद करून बाहेरच्या कंपनीचं यंत्र पाण्यात बसवणार, जे ताबडतोब हिरवा नाही तर लाल दिवा दाखवतं. म्हणजे माझं नदीचं काम राहतं की जातं, ते शनिवारी दुपारी कार्डांवर ठरणार होतं. मॅडमना बोलायला बोलावलं होतं. त्यांनी साफ नकार दिला. म्हणाल्या, मला बाजू नाही, माझ्याकडे वही आहे, ज्याला पाहिजे त्यानं परवानगी मागून येऊन वाचावी. शेवटी एक वक्त्या म्हणून रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. दुसरा वक्ता माझा धाकटा.

मला कोण आनंद झाला होता. घरचाच माणूस मंचावर, आता चिंता कसली, असं मी सगळ्यांना सांगत सुटले.

सभेच्या आदल्या रविवारी मी ठिपके मोजायला तळघरात एकटीच होते. तो आला. येताना माझ्यासाठी पेरू घेऊन आला, कारण मला पेरू आवडतो हे त्याला बरोबर माहीत. स्टुलावर बसला आणि मी मोजणं संपवेपर्यंत पेरू कापत राहिला. मग म्हणाला, ताई, मला तुमची वही बघायची आहे. कपाटाची किल्ली माझ्याकडेच असायची, मी काढून दिली. वही मॅडमच्या परवानगीशिवाय बाहेरच्या कुणाला दाखवायची नाही हा नियम मला ठाऊक होता. पण तो बाहेरचा कुठं होता?

तो एकेक पान सावकाश वाचत गेला. रेघा दिसल्या की थांबायचा आणि विचारायचा. मीही सांगत बसले. सगळ्यात जास्त वेळ तो एका पानापाशी थांबला. चार वर्षांपूर्वीचं पान. त्या दिवशी बाटल्या ओल्या होत्या, चिकटपट्टी चिकटेना, म्हणून मी नावं बाटलीवर न लिहिता झाकणांवर लिहिली. आमच्या कामात यापेक्षा मोठा गाढवपणा नाही, कारण प्रयोगशाळेत आणल्यावर झाकणं काढतातच. मी दोन झाकणं एकदम काढली, आणि वरच्या बंधाऱ्याचं पाणी कुठलं नि पायऱ्यांजवळचं कुठलं याचा पत्ताच राहिला नाही. तरी मी अंदाजानं नावं घातली. दुसऱ्या दिवशी ठिपके मोजले तर बंधाऱ्याचं पाणी घाण नि पायऱ्यांचं स्वच्छ, असं उलटंच. मी दोन्ही आकड्यांवर रेघ मारली, पुन्हा नदीवर जाऊन नव्यानं बाटल्या भरल्या, आणि वहीत लिहिलं: झाकणांची अदलाबदल, दोन्ही आकडे रद्द, चूक माझी. खाली सही.

हे सगळं त्याला सांगताना मला लाज वाटली नाही, उलट छाती फुगली होती. तो म्हणाला, “ताई, विज्ञान म्हणजे काय ते मी लोकांना या एका पानावरून सांगणार. बघच तू.” आणि त्यानं फोन काढून त्या पानाचा फोटो घेतला. मग आणखी दोनचार पानांचे. मला एका शब्दानं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं त्यानं, आणि मीही फांदीवर पाय हलवत बसले. मॅडमना सांगितलं नाही. म्हटलं, सभेत त्यांच्या वहीचं कौतुक होईल तेव्हा आपोआप कळेल, खूश होतील.

चिठ्ठ्यांचा नियम मला पाठ होता बरं का. एकोणीस वादसभा बघितल्यात मी. पण वहीच्या पानाचे दोन अर्थ होतात हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. आमच्याकडे लिहिलं ते लिहिलं.

शनिवारी सकाळच्या बाटल्या भरून आणल्या, प्लेटा उबेत ठेवल्या, घरी जाऊन कपडे बदलले आणि नवऱ्याला घेऊन तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. मॅडम आमच्या पुढच्या रांगेत होत्या, एकट्या. पहिल्यांदा कार्डं वर झाली तेव्हा निळीच जास्त होती. लोकांना पोहायचं होतं, पण पोरांची काळजीही होती. मी निळं वर केलं, नवऱ्यानंही केलं.

मग चिठ्ठ्या उचलल्या. पिवळी धाकट्याला आली.

मला खरंच काही वाटलं नाही. मी आपलं मनात म्हटलं, अरेरे, आता बिचाऱ्याला ते पान वापरता येणार नाही, दुसरं काहीतरी बोलावं लागेल. इतकी मी खुळी.

डॉक्टरीणबाई आधी बोलल्या. चांगल्या बोलल्या, पण त्यांचं बोलणं म्हणजे औषधाच्या बाटलीवरची सूचना. कुणाला किती दिवस जुलाब झाले, कुणाच्या कानाला काय झालं, सगळं खरं आणि सगळं कंटाळवाणं. लोक कार्डांनी वारा घेत होते. मग धाकटा उठला. कागद नाही, काही नाही. खिशात एक हात घालून मंचाच्या अगदी कडेला येऊन उभा राहिला आणि समोरच्या रांगेतल्या आजोबांना विचारलं, तुम्ही पोहायला कुठं शिकलात? आजोबा म्हणाले, नदीत. सभागृह हसलं आणि तिथंच त्याच्या खिशात गेलं.

दहा मिनिटं तो नदीबद्दल असं काही बोलला की मलासुद्धा पाण्यात उतरावंसं वाटायला लागलं. मग म्हणाला, ही नदी बंद कुणी केली? एका आकड्यानं. हा आकडा कुठून येतो, बघायचाय? आणि पाठीमागच्या पडद्यावर माझं पान आलं.

माझं अक्षर. भिंतीएवढं. झाकणांची अदलाबदल, चूक माझी. खाली सही. मी माझी सही एवढी मोठी कधी बघितली नव्हती.

आधी कुणीतरी मागून फिसकन हसलं, मग सगळेच हसले. धाकट्यानं हसू ओसरू दिलं, ते त्याला छान कळतं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाला:

“हसू नका. ही सही ज्या हातानं केलीय तो हात मी लहानपणापासून ओळखतो. या गावात त्याच्याइतका जपून काम करणारा हात नाही. आणि तरीही झाकणं बदलली. असं काही ना काही बेचाळीस वेळा झालं. ही सापडलेली बेचाळीस. न सापडलेली किती, ते मला विचारू नका, मी फक्त संख्याशास्त्र शिकवतो.”

टाळ्या थांबेनात. बेचाळीस हा आकडा त्याला मी सांगितला होता, चहाची गंमत म्हणून. तो पुढेही बोलत होता, यंत्राला झाकण नसतं वगैरे, पण मला फक्त मॅडमच्या मानेची मागची बाजू दिसत होती. त्या वळल्या नाहीत. हसणाऱ्यांकडेही बघितलं नाही. पडद्यावरचं पान वाचत असल्यासारख्या ताठ बसून राहिल्या.

शेवटी कार्डं वर झाली. सभागृह पिवळंजर्द. मी माझी दोन्ही कार्डं मांडीखाली दाबून बसले होते. शेजारी बघते तर आमच्या नवऱ्याचा हात अर्धा वर, आणि हातात पिवळं. मी नुसतं बघितलं त्याच्याकडे. त्यानं हात खाली घेतला आणि पुटपुटला, काय करू, तो बोललाच तसा. घरी जाईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. घरी गेल्यावर बोलले, आणि ते त्यानं दोन दिवस ऐकलं.

रविवारी दुपारी धाकटा घरी आला, चिमणीला घेऊन. चिमणी म्हणजे त्याची मुलगी, सात वर्षांची, माझी एकुलती एक भाची. चेहऱ्यावर कालच्या टाळ्या अजून होत्या. माझं तोंड बघितलं तशी त्यानं चिमणीला माझ्या नवऱ्याबरोबर बाहेर खेळायला पाठवलं आणि सारवासारव सुरू केली. मी तुझं नाव घेतलं नाही, म्हणाला. मी म्हटलं, सही दिसत होती. मी तुझी स्तुतीच केली, म्हणाला. मी म्हटलं, स्तुती करून लोकांना हसवलंस. मग तो म्हणाला की ताई, तू उगाच मनाला लावून घेतेस, ती वादसभा आहे, बाजू चिठ्ठीनं येते, निळी आली असती तर याच पानावर मी सभा दुसरीकडे फिरवली असती. आणि माझा विश्वास बसावा म्हणून त्यानं फोनवर दुसरं भाषण उघडून माझ्या हातात दिलं. निळं भाषण.

मी वाचलं. अक्षर न् अक्षर वाचलं. त्यात तेच पान होतं, आणि लिहिलं होतं की जगात फक्त आकडे सांगणारे पुष्कळ भेटतील, पण चुकलेला आकडाही पुसून न टाकता आपल्यासमोर ठेवणारे फार थोडे, आणि आपल्या गावाच्या नशिबानं ते आपल्या नदीवर आहेत. तळघरात त्यानं मला जे कबूल केलं होतं ते सगळं होतं त्यात, आणि फार सुंदर लिहिलं होतं. म्हणजे तो माझ्याशी खोटं बोलला नव्हता. स्टुलावर बसून, माझे पेरू मलाच कापून देत, त्यानं दोन्ही भाषणं मनात तयार केली होती. मला त्यातलं अर्धंच सांगितलं होतं. याचा मला त्या हसण्यापेक्षा जास्त राग आला. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मी विचारलं, तुझं स्वतःचं मत काय आहे? नदी उघडावी की नाही?

तो म्हणाला, “माझं मत कुणी विचारलंच नव्हतं, ताई.”

“मी तुला सभेतला वक्ता म्हणून वही दाखवली नव्हती,” मी म्हटलं. “माझा भाऊ म्हणून दाखवली होती. केसानं गळा कापलास तू माझा.”

त्याला ते लागलं, दिसलं मला. पण लागलं म्हणजे पटलं असं नाही. तो म्हणाला, तू शांत झालीस की बोलू, आणि चिमणीला हाक मारून निघून गेला. कितीतरी वेळ मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. घासलेलीच पुन्हा घासली.

सोमवारी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. वही त्यांच्या पुढ्यात होती, मिटलेली. त्यांनी विचारलं, फोटो कुणी काढू दिला? मी म्हटलं, मी. मला वाटत होतं त्या ओरडतील, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“झाकणांचं मला काहीच नाही,” त्या म्हणाल्या. “ते तू लिहिलं होतंस. वही दाखवलीस, ते कुठल्या पानावर लिहिलंस?”

दोन दिवस मी भावाच्या नावानं खडे फोडत होते, आणि इथं या बाईंना मी तेच केलं होतं जे त्यानं मला केलं. त्यांनी विश्वासानं सोपवलेली वही मी त्यांना न सांगता दुसऱ्याच्या हातात दिली होती. मी वही ओढून घेतली, सभेच्या आदल्या रविवारचं पान काढलं, आणि ठिपक्यांच्या आकड्याखाली लिहिलं: वही परवानगीशिवाय दाखवली, पानांचे फोटो काढू दिले, चूक माझी. तारीख घालून सही केली. सही वाकडी आली. मॅडमनी ते वाचलं, मान हलवली आणि वही कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे परत दिली नाही. चहाचं त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. नगरपालिकेच्या बैठकीत नदी उघडायचं ठरलं, साखळी निघाली, पाण्यात पिंपाएवढं एक यंत्र तरंगायला लागलं आणि पायऱ्यांवर दिव्याचा बोर्ड बसला. यंत्राला मी नावं ठेवणार नाही. ते पाणी किती गढूळ आहे, किती गरम आहे ते बघतं आणि त्यावरून अंदाज बांधतं. अंदाज बरोबरही येत असतील. ठिपके मात्र ते मोजत नाही, आणि चुकलं तर चुकलं कुठं ते कुणाला दिसत नाही. बोर्डावर एक तर हिरवा नाही तर लाल. आमच्या बाटल्या धुऊन, पुसून, खोक्यात भरून ठेवल्या. ते मीच केलं. मला वसतिगृहांच्या पिण्याच्या टाक्या तपासायचं काम दिलं, महिन्यातून एकदा. बुधवारी आणि शनिवारी सकाळी मला अजूनही आपोआप जाग येते. मग कशाला उठले म्हणून स्वतःवरच चिडते.

धाकट्याशी बोलणं नावापुरतं उरलं. आईच्या औषधांचं विचारायचा, मी सांगायचे, फोन ठेवायचे.

नदी उघडून तीन आठवडे झाले असतील. रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालत होते तेव्हा त्याचा फोन आला. मागे पोरांचा आरडाओरडा आणि पाण्याचा आवाज. तो पायऱ्यांवर होता, चिमणीला पहिल्यांदाच पोहायला घेऊन आला होता. इकडचं तिकडचं विचारलं. मग आवाज हळू करून म्हणाला, “ताई, कालचा आकडा किती?”

मला आधी कळलंच नाही. कसला आकडा, मी विचारलं. तो म्हणाला, पाण्याचा, पायऱ्यांजवळचा. बोर्ड हिरवा आहे, पण चिमणीच्या गुडघ्याला खरचटलंय, आणि काल वरच्या अंगाला पाऊस झाला म्हणतात. बोर्डाचं काय, तो म्हणाला, तू सांग.

चिमटा हातात धरून मी तशीच उभी राहिले. अख्ख्या गावासमोर ज्या आकड्याची त्यानं टर उडवली, स्वतःच्या लेकीसाठी त्याला तोच पाहिजे होता. मला हसू यायला हवं होतं. डोळ्यांत पाणी आलं. कारण सांगायला माझ्याकडे काही नव्हतं.

“मला माहीत नाही,” मी म्हटलं.

त्याला वाटलं मी रुसलेय. तो गयावया करायला लागला, माफीसुद्धा मागितली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणाला, भांडण आपल्या दोघांचं आहे, लेकराला मधे कशाला घेतेस, फक्त आकडा सांग, मी कुणाला सांगणार नाही. मी परत सांगितलं की आम्ही आता बाटल्या भरत नाही. मी भरत नाही, मॅडम भरत नाहीत, कुणीच भरत नाही. प्लेटा रिकाम्या आहेत. पाण्यात काय आहे ते मला माहीत नाही, आणि गावात दुसऱ्या कुणालाही माहीत नाही. तू तिला घरी घेऊन जा.

“म्हणजे आकडा जास्तच आहे ना? सरळ सांग की.”

“मला माहीत नाही रे.”

मग मी कधीच ऐकला नव्हता अशा आवाजात तो म्हणाला, “तू माझ्यापासून लपवतेयस, ताई.”

जन्मात मी त्याच्याशी खोटं बोलले नव्हते. त्या सकाळीही बोलत नव्हते. पण आता मी काहीही म्हटलं असतं तरी त्याला ते कुठल्या तरी बाजूचंच वाटलं असतं. तो आणखी काहीतरी विचारत होता, आणि त्याच्या मागून चिमणीचा आवाज आला, बाबा, आत्या काय म्हणाली, उतरू का मी?